आरशाला बसता येत नाही

"दीदी, ये तो खिंच जाएगी," असं दुकानदार म्हणाला की समजावं, शॉर्ट्स घट्ट आहे. "दीदी, ये तो ऐसी ही रहती है," म्हणाला की समजावं, ती ढगळ आहे. बायकांच्या सायकलिंग शॉर्ट्सविषयी इंदूरच्या दुकानांतून बहुधा एवढंच ज्ञान फुकट मिळतं. बाकीचं आपलं आपल्याला मिळवावं लागतं, आणि ते शहरातल्या सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्यावर, पंधराव्या किलोमीटरला, मऊ जागी मिळतं.

सगळी फसगत ट्रायल रूमपासून सुरू होते. तिथे आरसा असतो आणि आपण त्याच्यासमोर ताठ उभ्या राहतो, जशा सायकलवर कधीच नसतो. चांगली शॉर्ट्स उभ्यानं हमखास वाईट वाटते. पायांमध्ये बाळाचा लंगोट बांधल्यासारखं होतं, चाल बदकाची होते, मागे कंबर उगाच उंच येते आणि पुढे कापड चिमटल्यासारखं दिसतं. म्हणून आपण ती काढतो आणि पातळ पॅडची, म्हणजे बुडाखाली शिवलेली गादी पातळ असलेली, जरा सैल, "दिसायला बरी" अशी घेतो. आरसा खूश, दुकानदार खूश. रविवारी सकाळी तिसराच कुणी नाखूश होतो.

म्हणून आरशाकडे पाठ करायची. भिंतीला किंवा स्टुलाला हात टेकून, हँडल धरल्यासारखं कमरेतून वाकायचं आणि एकेक गुडघा पोटाकडे दहा-दहा वेळा घ्यायचा. पडद्याबाहेर नणंद उभी असेल तर तिला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर आत सूर्यनमस्कार चाललेत असं वाटतं. वाकल्यावर पॅडचा विसर पडला पाहिजे. मागची कंबर घसरून पाठ उघडी पडता कामा नये. पोटावरची पट्टी गुंडाळून तिची दोरी झाली, की ती शॉर्ट्स परत. परकराची नाडी दिवसभर एकाच जागी काचल्यावर कमरेला जो वळ उठतो, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पट्टी रुंद, चपटी आणि पुढून जराशी खाली का हवी हे समजवावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, हाडांचा. सीटवर आपण ज्यांच्यावर बसतो ती माकडहाडाची टोकं नव्हेत. माकडहाड मागे, वर असतं आणि घसरून पडल्यावरच आपली ओळख देतं. बसण्याची हाडं दोन असतात, ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. बायकांमध्ये त्यांच्यातलं अंतर सरासरीनं पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं. पॅडचा जाड भाग नेमका या दोन टेकूंखाली यायला हवा. बाकी सगळी सजावट.

अंतर मोजायला घरचा पाट पुरतो. खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्यायचा, घडी न पडलेला. पाट जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर पुठ्ठा, आणि पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, म्हणजे गुडघे आपोआप कमरेच्या वर येतात. थोडं पुढे झुकून, हातांनी पाटाच्या कडा धरून स्वतःला मिनिटभर खाली दाबायचं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. तिरप्या उजेडात ते स्पष्ट होतात, नाहीतर पेन्सिल आडवी फिरवायची. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. बहुतेकींचं उत्तर दहा ते पंधरा सेंटीमीटरमध्ये येतं. या आकड्याचा आणि नितंबांच्या घेराचा काही संबंध नाही, आणि इथे भल्याभल्या फसतात. पुठ्ठ्यावर बसल्यावर काडीसारख्या मुलीचे चौदा निघतात आणि "मला आपली सगळ्यात मोठी द्या" म्हणणाऱ्या मावशींचे अकरा. एरवी वजनकाट्यावर मान खाली घालणाऱ्या बाईला मान वर करायला लावणारं असं मोजमाप विरळाच.

हा आकडा हातात असला, की पॅड उलटं करून बघायचं. हो, शॉर्ट्स दुकानातच उलटी करायची. जाड भागाची रुंदी आपल्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी जास्त हवी. बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं. पुरुषांचं पुढे लांब जातं, त्याची कारणं उघड आहेत. "युनिसेक्स" लिहिलेली शॉर्ट्स म्हणजे बहुधा पुरुषांचीच, फक्त गुलाबी धाग्यानं शिवलेली. तिचं पुढचं लांब पॅड आपण वाकलो की दुमडतं आणि नको तिथे घडी पडते. पॅडच्या मधोमध वरून शिवण गेलेली असेल तर तिथेच हात जोडावेत. पॅडच्या कडेवरून बोट फिरवायचं. कड हळूहळू पातळ होत कापडात विरली पाहिजे. पायरीसारखी तुटली असेल तर ती जांघेत पाच-सहा हजार वेळा घासणार, कारण तासभर सायकल चालवली की दोन्ही पाय मिळून तितक्या वेळा सहज वर-खाली होतात.

मग पॅड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचं. अंगठा-बोट सहज भेटले, तर तो भांडी घासायचा स्पंज आहे. तो कितीही जाड असो, अर्ध्या तासात हाडं तळाला टेकणार. चांगला फोम उलट ढकलतो आणि सोडला की लगेच फुगतो. जाडी आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ पण घट्ट पॅड लांबच्या पल्ल्याला गुबगुबीत पॅडपेक्षा चांगलं. जेलचं पॅड बोटाला फार छान लागतं, म्हणूनच खपतं. पण ते उष्णता धरून ठेवतं आणि वाळायला सवड घेतं. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडलेला असताना, बुडाखाली शेकोटी घेऊन फिरायची हौस असेल तर घ्यावं.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकल्यावर आपल्याकडच्या बायका पाच सेकंद गप्प होतात: आत काही घालायचं नाही. ही शॉर्ट्स हाच आतला कपडा. निकरची इलॅस्टिकची शिवण जांघेच्या घडीत, म्हणजे सीटचा दाब जिथे असतो बरोबर तिथे बसते. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलवटते. पॅड शिवणाऱ्यानं शिवणी टाळायला डोकं लढवायचं आणि आपण आत चार शिवणी घालून बसायचं, म्हणजे सोवळं नेसून वर रेनकोट. दुकानात मात्र आतले कपडे काढायचे नाहीत, आपल्या आधी आणि नंतर कुणी तरी ती घालणार आहे. म्हणूनच ट्रायल रूममध्ये ती जरा काचते. तेवढं मनात वजा करावं. आणि आतला कपडाच असल्यामुळे ही वस्तू जावेला उसनी द्यायची नसते, तिनं कितीही प्रेमानं मागितली तरी.

पाळीच्या दिवसांत हा नियम थोडा वाकतो. कप वापरणाऱ्यांना काही फरक पडत नाही. सॅनिटरी पॅड वापरणारीनं त्या दिवशी पातळ, अंगाबरोबर बसणारी, बिनशिवणीची निकर आत घालावी आणि फेरी आखूड ठेवावी. पॅडवर पॅड सरकतं, आणि सरकणं हेच सगळ्या जखमांचं मूळ.

सरकण्यावरूनच मापाकडे येऊ. कंबर बघून माप घेऊ नये, नितंबांच्या सगळ्यात रुंद जागेचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून तक्त्याशी जुळवावा. मांडीला घट्ट होते म्हणून एक माप मोठी घेतली, की पॅड तिच्याबरोबर फिरायला मोकळं. मांड्यांचा त्रास पायाच्या काठातून सोडवायचा. अरुंद इलॅस्टिकचा काठ मांडीला पोत्याच्या तोंडासारखा आवळतो आणि वर गोळा उगवतो. तीच मांडी पाच-सहा सेंटीमीटर रुंद, सपाट पट्टीत शहाण्यासारखी बसते. आतून सिलिकॉनचे ठिपके असले तर काठ वर चढत नाही, पण उन्हाळ्यात काहींना त्यांनी पुरळ उठतं. पायाच्या आतल्या बाजूच्या शिवणीची, जांघेपासून काठापर्यंतची, लांबी सात ते नऊ इंच असली, की मांड्या एकमेकींना घासत नाहीत. पाच इंची दिसायला चटपटीत असते, आणि मांड्या सडपातळ असतील तर चालून जाते.

कापडात इलॅस्टेनचं, म्हणजे ताणणाऱ्या धाग्याचं, प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असलं तर ते ताणून परत येतं. मुठीवर ताणून उजेडाकडे धरायचं. पांढरट होऊन मूठ दिसली तर वाकल्यावरही दिसणार, मूठ नव्हे. काळ्या रंगाला मी म्हणूनच मानते. फिकट राखाडीवर घामाचा नकाशा उमटतो, चेनचं ग्रीस लागतं ते वेगळंच.

खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स सगळ्यात आरामाची, कारण पोटावर इलॅस्टिकच नाही आणि पॅड जागचं हलत नाही. पण महूच्या वाटेवर, पहाटे, एका झाडामागे उभं राहून जर्सी काढायची, पट्टे उतरवायचे, परत चढवायचे, आणि मैत्रीण रस्त्याकडे तोंड करून पहारा देणार, हे ज्यांना जमतं त्यांना माझा मुजरा. मागून खाली घेता येणारी किंवा कमरेला चेन असलेली बिब मिळते. घ्यायची तर तीच, आणि घरी चार वेळा उघडमीट करून बघावी.

पण इंदूरमध्ये खरी परीक्षा रस्त्यावर नसतेच, ती फाटकापाशी असते. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरतं आणि सुदामानगर असो की राजेंद्रनगर, ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन अख्खी गल्ली बाहेर येते, नेमकी आपण निघायच्या वेळी. ज्यांना त्या नजरा नको असतात त्यांच्यासाठी पॅडचं जाळीदार लायनर मिळतं, वरून साधी हाफ पँट घालायची. ती फार घोळदार नको. चढता-उतरताना तिचा मध्यभाग सीटच्या नाकात अडकतो आणि मग गल्लीला बघायला बादल्यांहून चांगलं काही तरी मिळतं. ओढणी तर नकोच, ती चेनकडे धाव घेते.

शॉर्ट्सच्या माथी सगळाच दोष मारू नये, हेही सांगायला हवं. बधिरपणा आला तर तो बहुतेकदा सीटचा असतो. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर ते सरळ करावं, हवं तर एक-दोन अंश खाली. सीट फार उंच असेल तर कमर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडी सोलवटते. आणि मऊ सीटवर मऊ कव्हर, त्यावर जाड पॅड, हे लाड उलटतात. हाडं आत रुततात आणि त्यांच्यामधला नाजूक भाग सगळा भार घेतो. नवशिकीची हाडं पहिले दोन आठवडे दुखतात, ते हळूहळू थांबतं. बधिरपणा आणि जखमा सहन करायच्या नसतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून रक्ताला वाट द्यावी, सिमरोलच्या घाटात ते आपोआप होतं.

क्रीमचं मूळ गमतीचं आहे. पूर्वी पॅड आल्प्सकडच्या शॅमी नावाच्या डोंगरी बकरीसारख्या जनावराच्या कातड्याचं असायचं. धुऊन वाळलं की त्याचा पापड व्हायचा, म्हणून त्याला मलम चोळून नरम करत. कातडं गेलं, फोम आला, पण पॅडला "शॅमी" म्हणणं आणि क्रीम दोन्ही राहिलं. आता ते कातडीसाठी लावायचं, जिथे घासतं तिथेच. खोबरेलही चालतं म्हणतात, पण ते कापडात मुरतं आणि निघता निघत नाही. तुपाचं नाव काढू नये.

नुकसान खरं होतं ते फेरी संपल्यावर. आपल्याकडे सायकलिंग म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत पोहोचायची सबब. तिथे ओल्या शॉर्ट्समध्ये पोहे, मग जिलेबी, मग पुन्हा पोहे, असा तास जातो. गरम, ओलं, दाबलेलं पॅड जंतूंना याहून काय हवं? केसांच्या मुळाशी पुळ्या उठतात आणि पुढचा रविवार पालथं पडून काढावा लागतो. आदल्या रात्रीच केस काढले असतील तर अजून लवकर. एक सैल परकर किंवा पायजमा पिशवीत न्यावा. परकराच्या आत कपडे बदलायची कला तर आपल्याला घाटावर आंघोळ करणाऱ्या आज्यांकडून वारशात मिळालीच आहे.

शॉर्ट्स प्रत्येक वेळी धुवायची. उलटी करून, गार पाण्यात, थोड्या सौम्य साबणात. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात नको, ते तंतूंवर थर चढवतं आणि घाम शोषणं बंद पडतं. धुणंवाल्या मावशींना हे आधी सांगावं, नाहीतर त्या ब्रश मारतात आणि मग सवयीनं पीळ देतात, पॅडचा फोम आतून तुटतो. टॉवेलात गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. वाळत घालायची सावलीत, पॅड बाहेर करून. पावसाळ्यात माळव्यातसुद्धा एक दिवस पुरत नाही, पंख्याखाली घालावी लागते, म्हणून दोन तरी हव्यातच. बुडाचं कापड चकाकायला लागलं की इलॅस्टेन संपलं. हे आपल्याला दिसत नाही, मागून येणारीला दिसतं, आणि ती भिडेखातर बोलत नाही.

गॅलरीत पॅड बाहेर करून टांगलेली शॉर्ट्स बघून शेजारच्या काकू विचारणारच, "अगं, हे कुणाच्या बाळाचं?"

"बाळाचं नाही काकू, सायकलचं."

"अगं बाई," काकू म्हणणार, "सायकलला पण लागतं का आता?"