माशी बसली म्हणजे आंबा अस्सल? पण कुठली माशी ते आधी सांगा

दर मे महिन्यात येतो तसा तो मेसेज यंदाही आलाच. आधी वाड्याच्या ग्रुपवर, मग मामीकडून, मग ज्याने आयुष्यात आंब्याला पाणी घातलेलं नाही अशा एका मित्राकडून. मजकूर थोडक्यात असा: "आंबा घेताना माशी बसते का ते बघा. निसर्गाने माशीला असं नाक दिलंय की कार्बाइड आणि फवारणी तिला लांबूनच कळते. माशी बसली तर आंबा शुद्ध. आत अळी निघाली तर घाबरू नका, तो आंबा विषमुक्त आणि सगळ्यात गोड. पाऊस पडला की अळी आपोआप होते. घरात माशी नको असेल तर तुळशीची डहाळी ठेवा. झाडावर वासाची बाटली टांगली की कीड संपली." खाली हात जोडलेले इमोजी.

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही हां, गोव्यात डिचोलीकडे आमचं लहानसं भाट म्हणजे बागायत आहे, आंब्याची पाच झाडं, चार मानकुराद आणि एक मुसराद, पण तीन वर्षं निम्मे आंबे माशीला वाढल्यावर माणूस आपोआप वाचायला लागतो, दहा जणांना विचारतो, आंबे चिरून चिरून बघतो. तर एकेक घेऊ.

"माशी बसली तर आंबा शुद्ध"

सगळा घोळ इथेच आहे. माशी म्हणजे कुठली? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाटीवर घोंगावते ती बहुतेक वेळा साधी घरमाशी. ती पाच मिनिटांपूर्वी बांगड्यावर होती, त्याआधी कुठे होती ते विचारू नका. तिला गोड, ओलं, कुजकं सगळं चालतं. हिच्याकडून शुद्धतेचं सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर गटारालाही द्यावं लागेल.

दुसरी, घरात केळ्यांवर आणि चिरलेल्या आंब्यावर तरंगणारी लाल डोळ्यांची बारीक चिलटं. इंग्रजीत यांनाही फ्रूट फ्लाय म्हणतात आणि तिथून अर्धे गैरसमज आलेत. हे चिलट म्हणजे ड्रॉसोफिला, आणि तिचं खरं प्रेम फळावर नाहीच, फळावर वाढणाऱ्या यीस्टवर आहे. फळ आंबायला लागलं की दारूचा, व्हिनेगरचा जो वास सुटतो त्यामागे ती येते. पटत नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडं तुडवतात तिथे जाऊन उभे रहा, रस आंबत ठेवलाय आणि वर चिलटांचा ढग. तिथे कोणी म्हणत नाही की बघा हो किती ऑर्गॅनिक.

तिसरी ती खरी फळमाशी, नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. साधारण घरमाशीएवढी, पण छातीवर पिवळे पट्टे, पंख काचेसारखे, लांबून बघितलं तर लहानशी गांधीलमाशीच वाटते. ही बाजारातल्या पाटीवर क्वचित दिसते कारण तिचं काम झाडावरच उरकलेलं असतं. मादी फळावर उतरते, मागची सुई सालीत टोचते, आत अंडी घालते आणि जाते. तुम्ही पाटीपाशी वाकून माशी बसते का बघताय, तोवर अंडी घालून कितीतरी दिवस झालेले असतात.

आता ते नाक. माशीला नाक नसतं, दोन मिशा असतात आणि तोंडाजवळ दोन लहान सोंडुकल्या. मिशांवर बारीक केस, केसांना सूक्ष्म भोकं, भोकांतून वासाचा कण आत जातो आणि आतल्या पेशीला लागतो. ठरावीक पेशी ठरावीक वासालाच दाद देते. म्हणजे यादी ठरलेली आहे, आणि त्या यादीत "शुद्ध" किंवा "भेसळ" असा वास नाही. पिकत आलेल्या फळातून एस्टर, टर्पीन असले पदार्थ उडतात, वाऱ्याबरोबर त्यांचा तुटक पट्टा वाहत जातो. वास लागला की माशी वाऱ्याच्या तोंडावर पुढे जाते, वास सुटला की आडवी डावी-उजवी फिरून परत पकडते, असं करत करत झाडापाशी पोचते, मग जवळ आल्यावर गोल आकार आणि रंग डोळ्यांनी बघते. २०१२ मध्ये बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टाच्या बागायती संस्थेतल्या आणि इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन संस्थेच्या लोकांनी मिळून हापूस आणि चौसा आंब्याचा वास यंत्रातून वेगवेगळा केला आणि मादीच्या मिशीला तारा जोडून बघितलं की नेमक्या कुठल्या पदार्थाला ती दाद देते. पुढे २०१४ मध्ये दिसलं की गॅमा-ऑक्टालॅक्टोन नावाच्या एका पदार्थाचा वास असला की ज्यांनी फळ कधी बघितलंच नाही अशा माद्याही तिथे अंडी घालतात, म्हणजे हे शिकलेलं नाही, जन्मतःच आलेलं आहे. गंमत म्हणजे त्या पदार्थाचा वास आपल्या नाकाला नारळासारखा लागतो. घ्या, गोवेकर माशी!

मग कार्बाइडचं काय? कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन गॅस निघतो, आणि तो फळाला फसवून लवकर पिवळं करतो. आपल्याकडे त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असू शकते. पण कच्चा उतरवून असा पिवळा केलेला आंबा वासाला कमी असतो, तेव्हा माश्या कमी आल्याच तर त्या वास कमी म्हणून, विष ओळखलं म्हणून नव्हे. शिवाय आंबा झाडावर असतानाच अंडी पडली असतील तर तोच आंबा कार्बाइडमध्ये पिकवला तरी आत अळी निघू शकते, तेव्हा काय म्हणणार, अर्धा शुद्ध?

"अळी निघाली म्हणजे फवारणी नाही"

अंडं सालीच्या आत, अळी गरात. वरून मारलेलं औषध तिथे पोचतच नाही बऱ्याचदा. फवारलेल्या बागेतही अळी असते आणि न फवारलेल्या झाडावरचा आंबाही स्वच्छ निघू शकतो. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतातला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या होत्या, आठवतंय का? आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. निर्यातीचा निवडक माल होता तो, आणि अळी बघून तिथे कोणी विषमुक्त म्हणून शाबासकी दिली नाही.

"अळीवाला आंबा सगळ्यात गोड"

नाही. माशीला पाडाला आलेलं, साल जरा मऊ झालेलं फळ हवं असतं, साखर मोजायचं मशीन तिच्याकडे नाही. ती पेरूत, करमलात, काजूच्या बोंडातही अंडी घालते. तिची भाऊबंद, वेलभाज्यांवरची माशी, तर कारल्यातही जाते. कारलं गोड असतं का मामी?

"पाऊस पडला की अळी आपोआप होते"

हे आमची आजीही म्हणायची, मिरग लागला की आंबा चिरून खा म्हणून, आणि सल्ला शंभर टक्के बरोबर, फक्त कारण चुकलेलं. पावसाच्या पाण्यातून अळी येत नाही. अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, अळी आठवडाभर किंवा थोडं जास्त गर खाते, मग फळातून बाहेर पडून मातीत जाते, वरच्या काही सेंटीमीटरमध्येच कोष करते आणि साधारण दहा दिवसांनी माशी होऊन बाहेर येते. म्हणजे महिन्याच्या आत एक पिढी. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पडून कुजलेल्या आंब्यांमधली पिढी बरोबर मिरगाच्या तोंडाला उडते, त्यात हवा दमट, माती ओली, उशिराचे आंबे पिकलेले, वास चौफेर. मग मुसरादला जास्त मार बसतो आणि नाव येतं पावसावर.

इथेच एक सांगतो, कोयीच्या आत जो काळपट भुंगा सापडतो तो माशीचा नाहीच. तो कोयीतला सोंडकिडा, त्याची मादी आंबा अगदी लहान असताना वर अंडं घालते, अळी कोयीत शिरते आणि साल मागाहून भरून येते, म्हणून बाहेर काही दिसत नाही. फळमाशीचा सापळा त्याला काही करत नाही.

"तुळशीची डहाळी ठेवा, माशी पळते"

हे वाचून मी खरंच हसलो. आपल्याकडे प्रत्येक अंगणात वृंदावन, पळत असती तर गोव्यात माशी राहिलीच नसती. उलट आहे ते! कित्येक तुळशींत मिथाइल युजेनॉल असतं, आणि या फळमाशीच्या नराला त्याचं इतकं वेड की तो येऊन ते चाटतो, पोटात घेऊन बदलून साठवतो आणि ते साठवलेल्या नराला मादी जास्त पसंत करते. थोडक्यात तुळस म्हणजे त्याचं अत्तराचं दुकान. पानं चुरगळून ठेवा आणि सकाळी बघा. लोक तुळशीचा चुरा मुद्दाम सापळ्यात घालतात.

हे आपल्याच देशात सापडलं हे फार जणांना माहीत नाही. बिहारमधल्या पुसाच्या शेती संस्थेत हॉवलेट नावाचा साहेब होता, त्याने १९१२ मध्ये लिहिलं की सिट्रोनेला तेलावर फळमाश्या येतात आणि येतात ते नर. १९१५ मध्ये त्याने दाखवलं की त्यातलं ओढणारं द्रव्य म्हणजे मिथाइल युजेनॉल. आज बाजारात मिळणाऱ्या सापळ्यातली वडी तीच, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रक्षक सापळ्यातही तेच तत्त्व.

"बाटली टांगली की कीड संपली"

म्हणूनच नाही. बाटलीत शंभर माश्या पडल्या की आपण खूश होतो, मीही पहिल्या वर्षी फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते, पण ते शंभरच्या शंभर नर. अंडी घालणारी मादी त्या वासाला जवळपास ढुंकून बघत नाही, ती आंब्याच्या वासामागे असते. आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे जवळपास सगळे नर संपले तरच फायदा दिसतो. तसं झालंय, उदाहरणार्थ पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर, १९६५ च्या सुमारास, हे आमिष आणि कीटकनाशक लावलेले तुकडे विमानातून टाकून अख्खं बेट माशीमुक्त केलं. पण ते बेट होतं, चहूकडे समुद्र, बाहेरून माशी येणार कुठून. आमच्या भाटाच्या कडेला समुद्र नाही, गडगा म्हणजे दगडी कुंपण आहे, तेही अर्धं पडलेलं.

मादीसाठी वेगळं करावं लागतं. तिला अंडी पिकवायला प्रोटीन लागतं म्हणून प्रोटीनचं आमिष लावतात, तिथे ती येते. आणि पडलेला आंबा रोज उचलायचा, उचलून उकिरड्यावर नाही टाकायचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचा नाहीतर हात-दीड हात खोल पुरायचा. वेलींना म्हणजे दोडकी, तवशी (काकड्या), कारली यांना आंब्याची वडी चालत नाही, त्या माशीच्या नराला क्यू-ल्यूर नावाचं वेगळं आमिष लागतं, ते दुकानात स्पष्ट सांगून घ्या, मला एकदा चुकीची वडी मिळाली आणि अख्खा श्रावण बाटली रिकामी लटकत होती.

गेल्या दोन वर्षांपासून आमच्या बाजूच्या पाच घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावायला सुरुवात केलीय आणि मानकुरादमध्ये खरंच फरक पडलाय. गडग्यापलीकडच्या भाटाचा मालक मात्र मुंबईला असतो, चतुर्थीला येतो. त्याचे आंबे मेपासून खाली पडून कुजतात आणि संध्याकाळी वारा तिकडून सुटला की तो वास मला अंगणात बसल्या बसल्या येतो. त्याने हाच मेसेज मला काल पाठवलाय.