पहिला मान

कोकणी माणसाला एक वेळ उपाशी ठेवा, पण दुसऱ्या नंबरावर बसवू नका. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचायची, यावरून आमच्या वाडीतले दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अकरा वर्षांनी बोलले ते बांधावरच्या फणसाबद्दल, आणि तिथूनच पुन्हा अबोला सुरू झाला. अशा मुलखात जन्म काढूनही मी दाजींना फोनवर सांगून बसलो, "तुम्ही या तर खरे! अख्खा किनारा दाखवतो. आधी कुठे जायचं ते काय, आलात की ठरवू."

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. राहणार नागपूर. सरकारी खात्यात आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही कामाची आधी फाईल उघडतात. २०२५ सालच्या २२ मेला, गुरुवारी, ते चिपळूण स्टेशनवर उतरले तेव्हा ताईच्या हातात संत्रा बर्फीचा पुडा होता, भाच्याच्या हातात मोबाइल होता आणि दाजींच्या हातात ती फाईल. मुक्काम रविवारपर्यंत. रिक्षात बसतानाच त्यांनी विचारलं, "भाऊ, मले एक सांगा, तुमच्या या किनाऱ्यावर पहिलं शहर कोणतं पाह्यचं? सर्वांत मोठं जे असंल, तिथून सुरू करू न."

मी गप्प बसलो. शहर म्हणजे काय, इथूनच आमच्याकडे अडचण आहे. रात्री नऊनंतर जिथे गरम वडापाव मिळतो ते शहर, अशी माझी व्याख्या आहे आणि ती लावली तर फाईल रिकामी राहते. शिवाय चिपळूणला समुद्र नाही. आमच्याकडे वाशिष्ठीची खाडी येते, समुद्र तिकडे दाभोळला. म्हणजे आम्ही किनाऱ्यावरचे, पण किनाऱ्यापासून ४५ किलोमीटर आत. पाहुण्याला हे समजावण्यात रिक्षा घरापर्यंत आली.

दाजींचं मत रत्नागिरीला होतं. जिल्ह्याचं ठिकाण, टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजाचा राजवाडा, सगळं त्यांनी लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "दाजी, तो थिबा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी त्याला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा मिळायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ला बिचारा तिथेच वारला. रत्नागिरीपासून सुरुवात केली की असं होतं, पुढे जाणं होत नाही." दाजींनी हे फाईलमध्ये लिहून घेतलं. नागपूरकरांना थट्टा कळत नाही असं नाही, पण ते आधी नोंद करतात.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती गुहागरची. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "जावईबापू, आधी व्याडेश्वर. कुलदैवत सोडून कुठे निघालात तर गाडी बंद पडते." ताईला गणपतीपुळ्याला जायचं होतं. ती म्हणाली, "अगं आई, कुठल्याही कामात अग्रपूजेचा मान गणपतीचा असतो की नाही? मग गणपतीपुळे आधी." आई म्हणाली, "व्याडेश्वर म्हणजे शंकर. बाप घरात असताना पोराला आधी नमस्कार करतात का?" ताई म्हणाली, "करतात! लग्नपत्रिकेवर आधी कोण असतं?" आता हा प्रश्न काशीच्या पंडितांनाही सुटला नसता. आम्ही मायलेकींना तिथेच सोडून ओसरीवर आलो.

ओसरीवर नाना बसलेले होते. आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त चालक. कुठलीही सहल त्यांच्या परवानगीशिवाय निघत नाही. त्यांनी फाईलमधला नकाशा उलटा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला. "ह्यात खाड्या कुठं हायत?" नकाशात कोकणचा किनारा म्हणजे सुतळी सोडल्यासारखी एक रेघ. प्रत्यक्षात ती दर दहा-वीस मैलांवर तुटते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर, तिथल्या बायका कपडे वाळत घालताना दिसतात, पण पूल नाही तिथे जायचं तर फेरीबोटीत गाडी चढवा, नाहीतर महामार्गापर्यंत उलटे जा आणि पुन्हा खाली उतरा. नानांच्या मते आधी कुठलं गाव हे माणसानं ठरवायचंच नसतं. फेरी किती वाजता सुटते आणि भरती कधी आहे, त्यावर गाव ठरतं. "दापोलीस्न धरलांत तर दाभोळ-धोपावे फेरी, मग गुहागर, मग तवसाळ-जयगड फेरी, मग पुळं. उलट धरलांत तर उलट. मदीच धरलांत तर बोंबला."

परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, असं म्हणतात. त्याचं देऊळ आमच्या घाटातच आहे. मी नेमानं जातो, नेमानं हात जोडतो, आणि दर वेळी मनात येतं की, देवा, एवढं केलंस, तर खाड्याही बुजवून टाकायच्या होत्या. अर्धवट सोडलेलं हे या भागातलं पहिलं काम असावं. नंतर प्रथाच पडली. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय.

तेवढ्यात मालवणहून फोन. सासऱ्यांचा. बायकोनं सकाळीच बातमी पोचवली होती. फोन स्पीकरवर ठेवायची तिला हौस. "जावयानु, आदी मालवणात येवा. मगे खंय होया थंय जावा!" कारणही बिनतोड होतं. २६ मेपासून पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या बंद होतात. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला बघायचा तर रविवारच्या आत. आईनं आतून विचारलं, "किल्ला पळून चाललाय का? महाराजांनी १६६४ला पाया घातलाय, अजून जागेवर आहे." मामा, म्हणजे सासरेच, म्हणाले, "किल्लो पळणा नाय हो, होडी पळता." पण चिपळूण-मालवण म्हणजे २२० किलोमीटर. चार दिवसांतला एक त्या रस्त्याच्या नावानं सोडायचा. शिवाय सासरी पहिलं नेलं, तर मी बायकोच्या मुठीत आहे हे नागपूरपर्यंत सिद्ध होणार. ते ताईला माहीत आहेच, पण फाईलमध्ये नको.

दापोलीच्या आत्याचाही फोन येऊन गेला. तिनं वाद घातला नाही. "कळलं मला, तुम्ही इतरांकडे जाताय. जा. मी काय, म्हातारी." एवढं बोलून ठेवला. वास्तविक सगळ्यांत परिणामकारक तोच होता.

यात आणखी एक भानगड माशांची. दाजींना मासे खायचे होते, नागपूरहून निघाल्यापासून ते पापलेटचं नाव काढत होते. बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि हिशोब लावला. गुरुवारी आईचा वार. शुक्रवारी अपरा एकादशी. शनिवारी मारुती. सोमवारी तर सोमवती अमावास्या. राहिला रविवार. म्हणजे रविवारी ज्या गावात असू तिथे मासे, आणि उरलेल्या दिवशी देवळं. यावरून मालवण रविवारी, म्हणजे शेवटी. बायकोनं स्वतःच्याच माहेराला शेवटचा नंबर दिला हे लक्षात आल्यावर तिनं कॅलेंडर पुन्हा भिंतीला लावलं आणि सांगितलं, "हे गेल्या वर्षीचं असेल."

शुक्रवारी सकाळपर्यंत पाच गावं, सात माणसं आणि एकही निर्णय नाही. आई म्हणाली, "कौल लावू."

आमच्या ग्रामदेवीला कौल लावतात. लग्न जमेल का, म्हैस सापडेल का, मुलगा मुंबईत टिकेल का, सगळं देवी सांगते. गुरवानं पाषाणावर दोन्ही बाजूंना पाणी लावून कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यानं आम्हाला विचारलं, "काय इचारायचा हाय?" दाजींनी फाईल उघडली.

गुरवानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असा नाय चालत. देवीस हो-नाय इचारायचा असता. पाच गावांतला निवड, असा ती करीत नाय. ती काय परीक्षा हाय?" शेवटी एकेक गाव विचारायचं ठरलं. कुठलं आधी विचारायचं, यावर देवळातच पुन्हा पाच मिनिटं गेली. आई वयानं मोठी म्हणून गुहागर. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा म्हाराजा, ही तुजी लेकरां तुज्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो पावणा नागपुरास्न आला हाय, त्यास दर्या बगायचा हाय..."

"व्हय म्हाराजा!" हे दाजी सगळ्यांच्या आधी म्हणाले.

"तं ह्यास पयला गुव्हागरास न्यायचा असंल, तं उजवी दे, आनि नसंल, तं डावी दे!"

आम्ही बघत उभे राहिलो. दहा मिनिटं गेली. कळ्या ढिम्म. एकदा डावीकडची किंचित सरकली, तशी आईनं गुरवाकडे असं पाहिलं की ती कळी जागेवर थांबली. भाचा म्हणाला, "मामा, हँग झालं का?" आणि त्याच वेळी दाजींच्या टकलावर टप्पकन थेंब पडला. आम्ही वर पाहिलं. देवीनं कौल दिला नव्हता, देवळाच्या कौलानं दिला होता. मागच्या वर्षी माकडांनी सरकवलेलं, आणि कौलं चाळायचं काम पावसाच्या तोंडावर करू म्हणून ठेवलेलं. पाऊस तोंडावर येऊन ठेपला होता.

आईनं याचा अर्थ होकार असा लावला. ताईनं नकार. गुरव म्हणाला, "पत्रा टाकूया, म्हणून मी तीन सभा सांगतोय."

शनिवारी सकाळी तरीही निघालो. गुहागर. रात्रीत आत्याचे दोन फोन आले होते, दोन्हीमध्ये तिनं फक्त निःश्वास सोडला होता. पाऊस इतका, की वायपर चालू आहेत की नाहीत ते आवाजावरून ओळखायचं. मार्गताम्हान्याला चहाला थांबलो. कांदाभजी गरम होती. दाजींनी दोन प्लेटी संपवल्या. तिसरीची ऑर्डर देताना टपरीवाला म्हणाला, "पुढं झाड पडलंय. आज कायं खरं नाय." आम्ही तिसरी प्लेट खाऊन परत फिरलो.

दुपारी टीव्हीवर बातमी. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आला. आई पदर खोचून टीव्हीसमोर उभी. "रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये काय आहे? सांगा ना, काय आहे?" कुणीच बोललं नाही. "गुहागर!" म्हणून ती आत गेली. वादळालाही आधी आपल्याच माहेरी यावंसं वाटलं, याचा तिला दिवसभर अभिमान होता.

संध्याकाळी दाजींना समुद्राऐवजी वाशिष्ठी दाखवायला बहादूरशेखच्या पुलाकडे नेलं. पाणी वाढलं की अर्धं गाव तिथे जातं. बोलत कुणी नाही, नुसतं पाण्याकडे बघायचं आणि घरी यायचं. दाजीही गप्प झाले. घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत भिंतीवरची एक तपकिरी रेघ त्यांना दिसली. पंख्याच्या रेग्युलेटरच्या वर, साधारण त्यांच्या कपाळाएवढी. रंग दोनदा दिला तरी ती उमटतेच. "हे काय हाये?" मी म्हटलं, "२२ जुलै २०२१. पाणी इथवर होतं." त्यांनी रेघेला बोट लावलं, बोट पाहिलं, आणि काही न बोलता पलंगाखालची बॅग कपाटावर नेऊन ठेवली. फाईलसकट.

रविवारी, २५ मेला, मोसमी पाऊस कोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीच्या मानानं कितीतरी आधी. कुठपर्यंत आला म्हणाल, तर देवगडपर्यंत. बायको मला कोपरानं ढोसत म्हणाली, "सिंधुदुर्गात आधी!" बंदरांत होड्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे वार असूनही मासे नव्हते. बायकोनं फळीवरच्या बरणीतले सुकवलेल्या कोळंबीचे सोडे काढले आणि त्यांची आमटी केली. दाजी तीन वेळा भात घेते झाले आणि पापलेट हेच का, असं त्यांनी एकदाच विचारलं. आम्ही हो म्हटलं.

परतीची गाडी मध्यरात्रीनंतर होती. बॅगा भरून सगळे बसलो असताना मालवणहून फोन आला. बायकोनं स्पीकर लावला.

"काय जावयानु, मगे खंय खंय फिरलात?"

"खंयच नाय, मामा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामांचा आवाज उजळला. "बरा झाला! म्हणजे पयला मालवण अजून रवलाच आसा!"

आतून आईचा आवाज आला, "आम्ही गुहागरला निम्म्यापर्यंत पोचलो होतो म्हणावं त्यांना!"