गाडीवाल्याने सायकलस्वाराला मारलं तर ‘काही होत नाही’? हे खोटं आहे

सायकलस्वारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: गाडीवाल्याने चिडून मारहाण केली तर पोलीस फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात. गाडी अंगावर घातली तर तो अपघातच धरला जातो. सायकलला नंबर नाही, म्हणून तक्रार टिकत नाही. आधी सायकलवाला चुकला असेल तर केसच उभी राहत नाही. जास्तीत जास्त ₹1000 दंड होतो, आणि मोबाईलचा व्हिडिओ कोर्टात चालत नाही. हा मेसेज वाचून मार खाल्लेली माणसं गप्प घरी जातात, म्हणून एकेक मुद्दा तपासू. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, दुसऱ्या कायद्याचं नाव दिलेलं नसेल तिथे खालची कलमं तिचीच आहेत.

‘फक्त एनसी होते.’ साधी दुखापत, म्हणजे कलम 115(2), अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, हे खरं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा ₹10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण रस्त्यावरची घटना एवढ्यावर क्वचित थांबते. गाडी आडवी घालून सायकल अडवली, तर कलम 126(2) लागतं. त्याची शिक्षा लहान, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ₹5,000 पर्यंत दंड. पण ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर नोंदवून थेट तपास करता येतो. आणि एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या प्रक्रियेचा कायदा) कलम 174 नुसार सगळं प्रकरणच दखलपात्र मानलं जातं. म्हणून ‘त्याने मला मारलं’ एवढंच सांगू नका. ‘गाडी आडवी लावून मला पुढे जाऊ दिलं नाही, मग उतरून मारलं’ असं घडलं असेल तर ते त्याच क्रमाने जबाबात येऊ द्या.

दुसरी गोष्ट दुखापतीच्या दर्जाची. हाड मोडलं, सांधा निखळला किंवा दात पडला, तर ती गंभीर दुखापत. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरी गंभीरच. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवस होती. कलम 117(2) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, आणि हे कलम दखलपात्र आहे. इथे घोळ होतो तो एक्स-रे न काढल्याने. सायकलवरून पडल्यावर कॉलरबोन मोडणं नेहमीचं आहे, पण वरवरच्या तपासणीत कागदावर ‘साधी’ लिहिलं जातं. डॉक्टरांना मारहाण झाल्याचं स्पष्ट सांगा, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली वैद्यकीय नोंद) करायला लावा. फ्रॅक्चर नंतर कळलं तर तो रिपोर्ट तपास अधिकाऱ्याला लेखी अर्जासोबत देऊन पोच घ्या आणि कलम वाढवायची मागणी करा.

पोलिसांनी एफआयआर नाकारला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे पाठवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

‘गाडी अंगावर घातली तर अपघातच.’ हा सगळ्यात घातक गैरसमज. निष्काळजीपणा आणि हेतू यांत कायदा मोठा फरक करतो. बेदरकार गाडी चालवणं, कलम 281, सहा महिन्यांपर्यंत कैदेचं. पण मुद्दाम गाडी घातली असेल तर गाडीच हत्यार ठरू शकते. घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचं कलम 118(2) लागलं, तर किमान एक वर्ष ते जन्मठेप. जीव घेण्याचा हेतू दिसला तर कलम 109, खुनाचा प्रयत्न. अमेरिकेत 4 जुलै 2008 रोजी लॉस एंजेलिसमध्ये एका चालकाने दोन सायकलस्वारांच्या पुढे जाऊन मुद्दाम करकचून ब्रेक मारला. तिथल्या ज्युरीने त्याला घातक हत्याराने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तो निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही, पण गाडीकडे हत्यार म्हणून कसं बघायचं ते त्यातून नेमकं कळतं.

हेतू सिद्ध होतो बारीक तपशिलांनी. आधी वाद झाला का, चालक काय म्हणाला, पुढे जाऊन परत वळला का, रस्ता मोकळा असताना डावीकडे दाबत आणलं का, ब्रेकच्या खुणा होत्या का. जबाबात ‘धक्का लागून पडलो’ असं एक वाक्य गेलं की प्रकरण अपघाताच्या खान्यात जातं आणि तिथून बाहेर काढणं फार कठीण होतं. सही करण्यापूर्वी जबाब वाचा. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका, वाकलेलं चाक आणि रंगाचे ओरखडे हेही पुरावे आहेत.

‘सायकलला नंबर नाही.’ सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत येतच नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा काहीच लागत नाही, आणि मारहाणीच्या तक्रारीशी त्याचा संबंधही नाही. उलट गाडीला नंबर आहे. दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरलं असेल तर परवाना प्राधिकरण चालकाचा परवाना रद्द करू शकतं (मोटार वाहन कायदा, कलम 19). एफआयआरची प्रत जोडून आरटीओला अर्ज द्या.

‘आधी सायकलवाला चुकला.’ दिवा नसणं किंवा लेन सोडणं ही मारायची परवानगी नाही. चिथावणीमुळे मारलं तर शिक्षा कमी होण्याची सवलत कलम 122 मध्ये आहे, पण चिथावणी गंभीर आणि आकस्मिक असावी लागते. हॉर्नला बाजू न देणं ही तशी चिथावणी, असा बचाव टिकणं अवघड. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र तुमची चूक रक्कम कमी करू शकते.

‘₹1000 दंडात मिटतं.’ हा आकडा बहुधा माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू आरोपी असलेल्या प्रकरणातून आला असावा. 1988 मध्ये पतियाळात रस्त्यावरच्या वादात 65 वर्षांच्या माणसाला मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सिद्धूला साध्या दुखापतीसाठी खरोखरच ₹1000 दंड केला. मेसेज इथेच थांबतो. 19 मे 2022 रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात एक वर्ष सक्तमजुरी दिली, म्हणजे त्या कलमाची कमाल कैद.

‘व्हिडिओ चालत नाही.’ चालतो, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा. म्हणून मूळ फाइल कापू नका, तिच्यावर मजकूर टाकू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दाबली जाऊन बदलते, ती मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड काढून वेगळं ठेवा. आजूबाजूच्या इमारतींचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते ताब्यात घेण्याची लेखी विनंती ठाण्यात त्याच दिवशी द्या, आणि अर्जात कॅमेऱ्याची जागा व वेळ लिहा.