आजार निवडताना घ्यावयाची काळजी

आजारी पडायचेच असेल, तर कृपया एखादा सभ्य अवयव निवडावा. हृदय सर्वोत्तम. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला सोसायटीचे सेक्रेटरी जातीने येतात, शहाळी येतात, कार्यालयातून साहेबांचा फोन येतो आणि कोणत्या शिरेत किती टक्के अडथळा होता हे घरातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. मुतखडाही वाईट नाही. तो निघाल्यावर छोट्या बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवता येतो. गुडघा बदलला तर विचारायलाच नको, त्यावर चार लग्नांत बसल्या जागी मान मिळतो. मन मात्र निवडू नये. मनाच्या रुग्णाला शहाळे नेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आणि दारूचे व्यसन तर मुळीच निवडू नये, कारण त्यात रुग्णाला कोणी भेटायला येत नाही, त्याच्या बायकोला सल्ला द्यायला मात्र सगळे येतात.

यावर तुम्ही म्हणाल की, आता कायदा आहे. आहे ना! मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागूही झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की, शारीरिक आजारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारांनाही तो दिला पाहिजे. इतकेच नव्हे, तर मानसिक आजाराची व्याख्या करताना या कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही त्यात घेतल्या आहेत. हे वाचून तुमचे मन भरून आले असेल, तर ते लगेच रिकामे करावे, कारण अजून पॉलिसी वाचायची आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत, जिथवर कोणी पोहोचू नये अशा बेताने ठेवलेल्या पानावर, काय काय मिळणार नाही याची यादी असते. विमा नियामकानेच सगळ्या कंपन्यांसाठी प्रमाणित करून दिलेल्या त्या यादीतले बारावे कलम असे की, मद्यासक्ती, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन यांवरील उपचार आणि त्यांचे परिणाम यांसाठी पैसे मिळणार नाहीत. म्हणजे संसदेने ज्याला आजार म्हटले, त्याला पुस्तिकेने खोड म्हटले. ‘आणि त्यांचे परिणाम’ ही शेपटी नीट पाहून ठेवावी. पुढे तिचाच तडाखा बसणार आहे.

दारू सोडून बाकीच्या मानसिक आजारांचे तरी बरे आहे, असे समजू नये. एका रुग्णाच्या स्किझोअफेक्टिव्ह विकाराचे (भास-भ्रम आणि मनःस्थितीचे टोकाचे चढउतार एकत्र असणाऱ्या आजाराचे) पैसे कंपनीने नाकारले, तेव्हा 2021 साली दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, असे नाकारणे कायद्यात बसत नाही. निकाल वाचायला सुरेख आहे. तो मिळवण्यासाठी आधी आजारी पडून, मग बिल भरून, मग उच्च न्यायालयात उभे राहण्याइतके धडधाकट असावे लागते एवढेच. शिवाय मानसोपचार हा बहुतांशी खुर्चीत बसून करायचा उपचार आहे आणि आपला विमा पलंगावर आडवे झालेल्यांचा आहे. समुपदेशकाकडे पाऊण तासाचे हजार, दीड हजार, मोठ्या शहरात त्याहूनही अधिक मोजावे लागतात. आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याची चार सत्रे धरली तर तो आकडा घरकामाच्या मावशी, दूध, वर्तमानपत्र आणि मुलाची शिकवणी यांच्या बेरजेशी स्पर्धा करू लागतो. काटकसर म्हणून बरेच लोक तिसऱ्या सत्रानंतर आपोआप बरे होतात. तुम्हीही व्हावे.

आता आमच्या दाजींची गोष्ट सांगतो, म्हणजे हा सल्ला ऐकीव नाही याची तुमची खात्री पटेल.

दाजी एका कारखान्यात बॉयलरवर होते. चोवीस वर्षांत एकही नागा नाही आणि रात्रीची बाटलीही चुकली नाही, अशी दोन्ही बाजूंनी चोख नोंद होती. एका सकाळी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. पाहा, किती सभ्य अवयव! ताईने त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेले, डिपॉझिट भरले, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीवर कार्ड दिले आणि कॅशलेसचे काम मार्गी लागते तोच एक तरुण डॉक्टर केसपेपर घेऊन आला. बीपी आहे का, शुगर आहे का, आधी काही ऑपरेशन, असे विचारत विचारत तो म्हणाला, “दारू, तंबाखू काही?” ताईने आधी डॉक्टरकडे पाहिले, मग टीपीएच्या खिडकीकडे पाहिले आणि ती म्हणाली, “नाही हो. कधीतरी लग्नकार्यात.” डॉक्टरने इंग्रजीत ‘कधीमधी’ असे लिहिले. ते लिहिताना त्याने दाजींच्या थरथरणाऱ्या बोटांकडे क्षणभर पाहिले, पण बाहेर अजून सात जण खोळंबले होते.

ताईला खोटे बोलण्याची सवय नाही. तिला हा सल्ला रुग्णालयाच्या दारातच एका अनुभवी नातेवाइकाने दिला होता. “दारूचे एक अक्षर लिहू देऊ नका, क्लेम गेलाच म्हणून समजा.” असे अनुभवी नातेवाईक प्रत्येक रुग्णालयाच्या दारात उभे असतात आणि त्यांचे सल्ले विनामूल्य असतात. महाग पडते ते पुढचे सगळे.

रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत शरीर आपला हिशेब मागते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री दाजी चादरीवरून काहीतरी वेचू लागले. मुंग्या असाव्यात. मग त्यांना समोरच्या भिंतीवर प्रेशरचा काटा दिसू लागला आणि त्यांनी सिस्टरला दरडावून व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले. ती ऐकेना, तेव्हा ते स्वतःच उठू लागले, कालच बसवलेल्या खुब्यानिशी. मला बोलावणे आले तेव्हा दोन वॉर्डबॉय त्यांचे हात धरून उभे होते आणि दाजी अतिशय कळकळीने, मला ओळखूनसुद्धा, सांगत होते, “अरे, बॉयलर फुटेल, पोरं खाली आहेत.” त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की, हा माणूस चोवीस वर्षे खाली असलेल्या पोरांची काळजी करत होता. असो. हा उपरोधिक लेख आहे.

मग अतिदक्षता विभागात चार दिवस गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की, आधी कळले असते तर पहिल्याच दिवशी गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने सुरू केली असती, इथवर बहुधा आलेच नसते. एक लाख ऐंशी हजारांचा अंदाज तीन लाख चाळीस हजारांवर गेला. आणि अतिदक्षता विभागाच्या कागदांत जे खरे होते ते लिहिणे डॉक्टरांना भागच होते, त्यामुळे कंपनीने आधीची मंजुरी परत घेऊन सगळा दावा नाकारला, हाडासकट! पडणे हा व्यसनाचा परिणाम असल्याचे त्यांच्या तज्ज्ञांचे मत पडले. त्या दिवशी सकाळी साडेसहाला दाजी शुद्धीत होते आणि साबणाची वडी फरशीवर होती, हे ताईने पत्रात लिहून पाहिले. साबणासाठी पुस्तिकेत कलम नाही.

तेव्हा सल्ला असा की, लपवायचे असेल तर पूर्ण लपवावे आणि कंप सुटण्याआधी घरी यावे. सांगायचे असेल तर पैशांची पिशवी घेऊन सांगावे. यांमधली जागा फार खर्चाची आहे.

यानंतर हितचिंतक तुम्हाला ‘सेंटर’, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र, सुचवतील. इथे निवड चोखंदळपणे करावी. ताईने कुणीतरी दिलेल्या एका क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या गृहस्थांनी आजार, वय, औषधे यांतले काहीही न विचारता विचारले, “पेशंट अंगाने मोठा आहे का?” कारण गाडीचे वेगळे, उचलायला येणाऱ्या माणसांचे वेगळे, आणि अंगाने मोठा असेल तर माणूस एक जास्त लागतो. तीन महिन्यांचे पॅकेज घेतले तर महिना पंधरा हजार, सहा महिन्यांचे घेतले तर बारा. घाऊक दरात माणूस सोडवून देण्याची ही सोय कायद्याला माहीत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या एकोणनव्वदाव्या कलमाप्रमाणे स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाला दाखल करायचे, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळे तपासावे लागते आणि पहिली मुदत तीस दिवसांच्या पुढे जात नाही. सक्तीने मुंडण करू नये, फोनवर बोलू द्यावे, हेही त्याच कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांना मुंडणाचा मुद्दा लिहून काढावासा वाटला, यावरून काय चालत असे हे तुमच्या लक्षात येईल. ताईने फोन ठेवला. तुम्ही मात्र ठेवू नये. गाडी रात्री येते, त्यामुळे शेजाऱ्यांना दिसत नाही, ही केवढी सोय आहे.

चांगल्या जागा नाहीत असे नाही. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून कित्येक जण तिथून आपल्या पायांनी घरी गेले आहेत. पण अशा ठिकाणी रुग्णाशी बोलतात, घरच्यांनाही समोर बसवतात, आणि त्यात वेळ जातो. दाजी शेवटी अशाच एका बऱ्या जागी गेले, स्वतःहून, वॉकर घेऊन. त्यासाठी ताईने पाटल्या मोडल्या. हाडासाठी आधीच मंगळसूत्राची वाटी गेली होती.

फुकटही मिळते, हे सांगायचे राहिले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांना पैसे पडत नाहीत. मात्र मोठी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तुम्ही यांपैकी एखाद्या गावी राहत असाल तर अभिनंदन. नंदुरबारला राहत असाल तर एसटीचे तिकीट, सोबत्याचा बुडालेला रोज आणि रांगेतला वडापाव यांना औषधोपचाराचा खर्च म्हणत नाहीत, हे लक्षात ठेवावे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीच्या 2019 सालच्या अहवालात असे आढळले की, दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे अडतीस जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतिसांची काळजी करू नये. ते उत्पादन शुल्काच्या रूपाने राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींच्या वर भर घालणाऱ्यांत आहेत, आणि अशा कष्टकरी माणसांना महिनाभर कामावरून काढून सेंटरला बसवणे राज्याला परवडण्यासारखे नाही.

नातेवाइकांना काय सांगायचे, हे आधी ठरवावे. ‘कावीळ’ चांगली; ती महिनाभर चालते, पथ्य असते आणि दारू न घेण्याचे कारण आयते मिळते. कारखान्यात आम्ही कावीळच कळवली होती. दाजींच्या साहेबांनी कोकणातल्या एका वैद्याचा पत्ता पाठवला.

आता दाजींना दारू सोडून दोन वर्षे आणि तीन महिने झाले. दर गुरुवारी संध्याकाळी ते एका शाळेच्या वर्गात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. फी नाही, चहापुरती थाळी फिरते. चौथीच्या पोरांच्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि एकेक जण उभा राहून आपले नाव व ‘मी मद्यपी आहे’ एवढे सगळ्यांसमोर बोलतो. दारू सोडल्याला एकेक वर्ष झाले की ते त्याचा वाढदिवस करतात. दुसऱ्या वाढदिवसाला ताईने बुंदीचे लाडू नेले होते.

गेल्या महिन्यात त्यांनी नव्या विम्यासाठी अर्ज भरायला घेतला. ‘आपण मद्यपान करता का?’ यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते, आणि ‘हो’ असल्यास आठवड्याला किती मिलिलिटर, अशी एक ओळ होती. एजंट आमच्याच इमारतीतले आहेत, त्यांनी मायेने सांगितले, “दाजी, ‘नाही’वर खूण करा. खोटं कुठे आहे? आज घेत नाही ना तुम्ही?” दाजी हसले. म्हणाले, “आज नाही घेत, हे अगदी बरोबर बोललात.” पण त्यांनी दोन्ही चौकोन सोडून बाजूच्या कोऱ्या जागेत, बॉयलरच्या रजिस्टरमध्ये लिहायचे तशा बारीक सुवाच्य अक्षरात, चोवीस वर्षे किती घेतली आणि कोणत्या तारखेपासून बंद आहे ते लिहिले, आणि खाली सही केली.

अर्ज आठ दिवसांनी परत आला आहे. सोबत छापील चिठ्ठी आहे: ‘अर्ज अपूर्ण. कृपया एकाच चौकोनात खूण करावी.’