कारगिल आठवतं, जाफना नाही

वाहिन्यांमुळे कारगिल घराघरांत पोहोचलं आणि सैन्याबद्दलचा आदर वाढला, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण श्रीलंकेचा उल्लेखच नाही? कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. त्याआधी १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत, जाफना आणि आसपासच्या भागात तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढताना भारताने पाठवलेल्या शांतिसेनेचे जवळपास १,२०० जवान मारले गेले, दुपटीहून जास्त. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथल्याच लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. किती जणांनी हे नाव ऐकलंय?

शौर्य कमी पडलं नव्हतं. तेव्हा घरात फक्त दूरदर्शन, तेही सरकारी. १९९९ मध्ये मात्र खासगी वाहिन्यांचे कॅमेरे द्रासपर्यंत गेले, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगावी आल्या आणि टीव्हीवर दिसल्या. शिवाय कारगिलचा शेवट विजयाचा. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत!

आणि वाहिन्यांना इतकं श्रेय द्यायचंच, तर मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याच्या खोट्या बातम्या चालवल्या, त्याचाही हिशेब लेखकाने मांडायला हवा होता.