गुळाच्या खड्याने शिसं उतरत नाही

गॅस कटिंग-वेल्डिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: “रोज गूळ खा, दूध प्या, शिसं पोटावाटे निघून जातं. तोंडाला रुमाल पुरे. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात धूर टिकतच नाही. त्रास झालाच तर कळेल.” माझा मावसभाऊ रत्नागिरीकडे खाडीकाठी जुन्या बार्जचे पत्रे कापतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “गूळ खातो ना मी!” म्हणून लिहितोय.

लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचा गुळावरचा प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला होता. तो उंदरांवर होता, आणि कोळशाच्या व सिलिकाच्या धुळीबद्दल. शिशाशी त्याचा संबंध नाही. शिशाचा धूर फुप्फुसातून रक्तात जातो, पुढे हाडांत शिरून वर्षानुवर्षं बसतो. रिकाम्या पोटी, किंवा लोह-कॅल्शियम कमी असताना पोटात गेलेलं शिसं जास्त शोषलं जातं, त्यामुळे नीट जेवावं हे खरंच. पण भाऊ गूळ कसा खातो ते मी पाहिलंय. पत्र्यावरचे शेंदरी पापुद्रे ज्या बोटांनी खरवडले, त्याच बोटांनी खडा मोडला. पेरांवरची भुकटी गुळाला चिकटली होती. औषध म्हणून खाल्लेल्या गुळातूनच ती पोटात गेली.

जुन्या जहाजांना गंज लागू नये म्हणून शेंदूर लावत, आणि हा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा खरी भीती या रंगाची. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, कटरची ज्योत 3000 अंशांच्या आसपास. त्या धुराचे कण रुमालातून सहज आत येतात. चेहऱ्याला घट्ट बसणारा, धातूच्या धुरासाठीचा फिल्टर असलेला मास्कच हवा. त्याहून आधी, कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा निदान चार-चार इंच रंग काढायला हवा, तोही ओला करून. कोरडा ग्राइंडर मारला तर धूळच उडते.

वाऱ्याचं म्हणाल, तर कापणारा पत्र्यावर वाकलेला असतो, धूर थेट नाकाशी. बार्जच्या टाकीत उतरल्यावर तर वारा पोचतच नाही.

आणि कळतं कुठे? पोटात कळ येते, बद्धकोष्ठ होतो, थकवा येतो. माणूस उन्हाला दोष देऊन मोकळा होतो. रक्तातलं शिसं तपासल्याशिवाय नेमकं समजत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यातच शिशाची विषबाधा हा डॉक्टरांनी सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. डॉक्टरांना आपलं काम नक्की काय ते स्वतःहून सांगा.

भावाची मुलगी तो घरी आला की त्याच्या शर्टालाच बिलगते. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात. दादा, तो शर्ट जेटीवरच बदलून ये.