गोठा, डिसेंबर आणि डिंक

रात्री साडेनऊला, मी अंथरुणाला पाठ टेकल्यावर, लेक म्हणाली, "पप्पा, उद्या शाळेत ख्रिसमसचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा न्यायचाय. आजच्या काळातला, आपल्या बेळगावातला."

माळ्यावरून दिवाळीच्या किल्ल्याचं खोकं काढलं. येशूची आई मारिया म्हणून गवळण घेतली. डोक्यावरची घागर निघेना, राहू दिली. तिचा नवरा, सुतार योसेफ म्हणून मिशीवाला मावळा. तलवार अर्धी कापली तर सुताराची पटाशी दिसायला लागली. मेंढपाळ म्हणजे घोंगडीवाले धनगर. देवदूतानं त्यांना बातमी मराठीत सांगावी की कन्नडमध्ये, यात आई आणि बायकोनं अर्धा तास घालवला.

मारियाला बसायला गाढव नव्हतं. खोक्यात वाघ होता. लेक म्हणाली, बसनं येऊ देत, मारियाला तिकीटच नाही. खरंय, २०२३ पासून सरकारी बस बायकांना फुकट. "पण आधारवर पत्ता कर्नाटकातला लागतोय," बायको म्हणाली. म्हणजे दोघांचं गाव नासरेथ निपाणीला चालेल, पलीकडं महाराष्ट्रातल्या कागलला नको.

गोष्टीत त्यांना उतरायला जागा मिळत नाही. त्या लॉजसाठी मात्र डोकं खाजवावं लागलं नाही. डिसेंबर महिना, इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. आमदार, त्यांचे पीए, पीएंचे ड्रायव्हर, शिवाय मोर्चेवाले. रोमच्या बादशहानं, कैसर औगुस्तानं नावनोंदणी काढली नसती तरी या जोडप्याला गावात खोली मिळाली नसती. 'जागा नाही' अशी पाटी केली. कर्नाटकातल्या नियमानं तीत ६० टक्के कन्नड हवं, म्हणून लेक पट्टी घेऊन बसली. अर्धा सेंटीमीटर मराठी जास्त भरली. पाटी पुन्हा.

बाळाला भेटी आणणारे पूर्वेकडचे ज्ञानी गोकाकहून आणले, भेटीला तिथली मिठाई, फ्रिजमधला खरा करदंट. तिसऱ्या ज्ञान्याचं मुंडकं मोडलं.

साडेअकराला कळलं, बाळच नाही. देवघरातल्या बाळकृष्णाकडं बघितलं, तर आई आडवी उभी. शेवटी ऑफिसातल्या, कॅम्पातल्या आंटींना फोन केला. त्या झोपेतच हसल्या. "ज्ञानी किती ते बायबलात मत्तयनं लिहिलंय कुठं? दोन चालतात. गाढवाचंपण नाव नाही. आणि बाळ आत्ताच कशाला? चोवीसच्या मध्यरात्री ठेवतात. तोवर गव्हाण रिकामीच."

हे साडेनऊलाच विचारलं असतं तर!

सकाळी गोठा रिक्षात ठेवताना बघतोय, तर ज्ञान्यांपुढचा करदंट गवळणीपुढं सरकलेला.

"डिंक असतोय त्यात," आई म्हणाली, "बाळंतिणीला लागतोय."